सामायिक नेटवर्क साठवणुकीतील फाइल परवानग्या

सामायिक नेटवर्क साठवणुकीतील फाइल परवानग्या म्हणजे एका सर्व्हरवर ठेवलेल्या आणि नेटवर्कद्वारे अनेक संगणकांवरून वापरल्या जाणाऱ्या फाइली व फोल्डर कोणाला वाचता, बदलता किंवा काढून टाकता येतील हे ठरवणारे नियम होत. युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये अशी साठवणूक प्रामुख्याने एनएफएस या प्रोटोकॉलने, तर विंडोज प्रणालींमध्ये एसएमबी या प्रोटोकॉलने उपलब्ध करून दिली जाते. कार्यालये, महाविद्यालये, मुद्रणालये, रुग्णालये आणि संशोधन संस्था यांत सामायिक फोल्डरचा वापर सर्रास होतो. त्यामुळे ‘परवानगी नाकारली’ हा संदेश नेटवर्क व्यवस्थापकांच्या नित्य परिचयाचा असतो.

एकाच संगणकावर परवानगीचा निर्णय एकच प्रणाली घेते. नेटवर्कवर मात्र वापरकर्त्याची ओळख एका ठिकाणी ठरते, ती दुसऱ्या ठिकाणी पोहोचवली जाते आणि तिचा अर्थ तिसऱ्याच यादीच्या आधारे लावला जातो. या साखळीतील कोणत्याही कडीत विसंगती असल्यास योग्य वापरकर्त्याला प्रवेश नाकारला जातो, किंवा अयोग्य वापरकर्त्याला तो मिळतो. पहिल्या प्रकारच्या दोषाची तक्रार लगेच येते. दुसऱ्या प्रकारचा दोष मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून परवानग्यांच्या दोषशोधनात अडलेले काम सुरू करण्याइतकेच, ते करताना गोपनीय माहिती उघडी पडणार नाही हे पाहणेही महत्त्वाचे मानले जाते.

## पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो, आणि मालक, गट व इतर सर्व अशा तीन वर्गांसाठी वाचन, लेखन व निष्पादन या तीन परवानग्या स्वतंत्रपणे नोंदवल्या जातात. ही रचना बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्समधून आली असून आजच्या लिनक्स व मॅकओएस प्रणालींतही ती कायम आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली एनएफएस विकसित केली. तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी १९९५ मध्ये आणि चौथी २००० मध्ये प्रमाणपत्रकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. एसएमबी प्रोटोकॉलची मूळ रचना आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केली. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यात भर घातली व तो विंडोजचा अविभाज्य भाग बनला. युनिक्स सर्व्हरवरील फाइली विंडोज संगणकांना उपलब्ध करून देणारी सांबा ही मुक्त प्रणाली अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना लिहिण्यास सुरुवात केली.

या दोन परंपरांची परवानगीविषयीची धारणा मुळातच भिन्न आहे. युनिक्समध्ये ओळख म्हणजे एक अंक आणि परवानगी म्हणजे नऊ खुणा. विंडोजमध्ये ओळख म्हणजे सुरक्षा ओळखक्रमांक नावाची लांब अंकमालिका, आणि परवानगी म्हणजे कितीही नोंदी असू शकणारी प्रवेश नियंत्रण यादी. एकाच साठवणुकीवर दोन्ही प्रकारचे संगणक जोडले जातात, तेव्हा या दोन धारणांमधील भाषांतर अनेक अडचणींचे मूळ ठरते.

## मूलभूत नियम

### फाइलवरील परवानगी

युनिक्समध्ये तीन परवानग्या अंकांनी दर्शवण्याची पद्धत आहे : वाचनास ४, लेखनास २ व निष्पादनास १. यांची बेरीज प्रत्येक वर्गासाठी एक अंक देते. ६४० या संख्येचा अर्थ मालकास वाचन व लेखन, गटास केवळ वाचन आणि इतरांस काहीही नाही, असा होतो.

तपासणी करताना प्रणाली तिन्ही वर्गांची बेरीज करत नाही. वापरकर्ता मालक असेल तर केवळ मालकाचा अंक पाहिला जातो; मालक नसून गटाचा सदस्य असेल तर केवळ गटाचा; आणि दोन्ही नसेल तरच इतरांचा. त्यामुळे ०६६ अशी परवानगी असलेल्या फाइलवर खुद्द मालकालाच प्रवेश नाकारला जातो, मग इतर सर्वांना ती वाचता येत असली तरी.

### फोल्डरवरील परवानगी

फोल्डरच्या बाबतीत याच तीन परवानग्यांचा अर्थ बदलतो. वाचन म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, लेखन म्हणजे आत नवी नावे निर्माण करणे, बदलणे वा काढून टाकणे, आणि निष्पादन म्हणजे त्या फोल्डरमधून पुढे जाण्याची मुभा. यातून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, फाइल काढून टाकण्याचा अधिकार फाइलच्या परवानगीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर अवलंबून असतो. केवळ वाचनीय असलेली फाइलसुद्धा, फोल्डरवर लेखनाचा अधिकार असणारा कोणीही काढून टाकू शकतो. हे टाळण्यासाठी फोल्डरवर ‘स्टिकी बिट’ ही खूण लावतात. मग फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा प्रणालीचा मूळ प्रशासक यांनाच ती काढता येते.

दुसरा असा की, फाइलपर्यंतच्या मार्गातील प्रत्येक फोल्डरवर निष्पादनाची परवानगी आवश्यक असते. फाइल सर्वांना खुली असूनही वरच्या एखाद्या फोल्डरवर ती मुभा नसेल, तर प्रवेश नाकारला जातो. फाइलवरील परवानगी पुन्हा पुन्हा वाढवूनही दोष जात नसेल, तर त्याचे कारण अनेकदा वरच्या पातळीवर असते.

### नव्या फाइलची परवानगी

नवी फाइल निर्माण होताना तिच्या परवानगीतून कोणते अंश वगळायचे हे ‘यूमास्क’ या मूल्याने ठरते. यूमास्क ०२२ असल्यास नवी फाइल ६४४ परवानगीने निर्माण होते, म्हणजे गटातील सहकाऱ्यांना ती वाचता येते पण बदलता येत नाही. यूमास्क ००२ असल्यास ती ६६४ होते. शिवाय नव्या फाइलला सामान्यतः निर्मात्याचा प्राथमिक गट लागतो, फोल्डरचा गट लागत नाही. फोल्डरवर ‘सेटजीआयडी’ ही खूण लावली, म्हणजे त्याची परवानगी २७७० वा २७७५ केली, तर आत निर्माण होणाऱ्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो आणि नव्या उपफोल्डरांनाही ती खूण लागते. सामायिक फोल्डर सुरुवातीस व्यवस्थित चालतो आणि काही दिवसांनी ‘एकाची फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा यूमास्क व सेटजीआयडी या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

### प्रवेश नियंत्रण याद्या

तीन वर्ग अपुरे पडतात तेव्हा विशिष्ट वापरकर्त्यांना वा गटांना वेगळी परवानगी देणारी प्रवेश नियंत्रण यादी वापरतात. लिनक्समध्ये फाइलला अशी यादी असल्यास सविस्तर यादीत परवानगीच्या अक्षरांपुढे अधिक चिन्ह दिसते. या यादीत ‘मास्क’ नावाची एक नोंद असते आणि ती नामनिर्दिष्ट वापरकर्ते व सर्व गट यांच्या परवानगीची कमाल मर्यादा ठरवते. यादी असलेल्या फाइलवर नेहमीच्या आज्ञेने गटाची परवानगी बदलली, तर प्रत्यक्षात हा मास्कच बदलतो. त्यामुळे यादीत लेखनाची परवानगी स्पष्ट दिसत असूनही ती परिणामकारक राहत नाही.

## एनएफएसमधील अडचणी

### ओळखक्रमांकांची विसंगती

एनएफएसच्या पारंपरिक सुरक्षा पद्धतीत वापरकर्त्याचा संगणक सर्व्हरला वापरकर्त्याचे नाव पाठवत नाही. केवळ त्याचा व त्याच्या गटांचा अंक पाठवतो. सर्व्हर त्या अंकावर विश्वास ठेवतो. दोन संगणकांवर एकाच व्यक्तीच्या खात्याचे अंक वेगळे असतील, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या दोन भिन्न व्यक्ती ठरतात. याउलट, दोन भिन्न व्यक्तींना दोन संगणकांवर एकच अंक मिळाला असेल, तर त्यांना परस्परांच्या फाइली बदलता येतात.

असे घडण्याची शक्यता मोठी असते, कारण बहुतेक प्रणाली पहिल्या खात्याला ठरावीक अंक देतात. सध्याच्या बहुसंख्य लिनक्स वितरणांत तो १००० असतो, मॅकओएसमध्ये ५०१ असतो, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तो ५०० पासून सुरू होत असे. स्वतंत्रपणे उभारलेल्या दहा लिनक्स संगणकांवर दहा वेगवेगळ्या व्यक्ती १००० हाच अंक धारण करत असणे अगदी स्वाभाविक आहे. यावरील उपाय म्हणजे सर्व संगणकांनी खात्यांची माहिती एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांसारख्या एकाच मध्यवर्ती निर्देशिकेतून घेणे.

कंटेनर तंत्रज्ञानाच्या प्रसारानंतर हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. कंटेनरच्या आत चालणाऱ्या सेवेचा अंक तिच्या प्रतिमेत आधीच ठरलेला असतो, आणि तो बाहेरील संगणकावरील खात्याशी जुळतोच असे नाही. जोडलेल्या फोल्डरमध्ये कंटेनरने लिहिलेल्या फाइली मग अनोळखी अंकाच्या मालकीच्या दिसतात.

### मूळ प्रशासकाचे अवनयन

वापरकर्त्याच्या संगणकावरील मूळ प्रशासकाला, म्हणजे अंक ० असलेल्या ‘रूट’ खात्याला, सर्व्हरवरही सर्वाधिकार मिळू नयेत म्हणून एनएफएस सर्व्हर पूर्वनियोजितपणे त्याचे रूपांतर ‘नोबडी’ या अधिकारहीन खात्यात करतो. लिनक्सवर या खात्याचा अंक ६५५३४ असतो. या व्यवस्थेला ‘रूट स्क्वॉश’ म्हणतात. तिचा परिणाम असा की, स्थानिक संगणकावर सर्वाधिकारी असलेल्या व्यक्तीला सामायिक फोल्डरवर सामान्य वापरकर्त्यापेक्षाही कमी अधिकार असतात. रात्री आपोआप चालणारी संरक्षक प्रत घेण्याची प्रक्रिया रूट खात्याने चालवली असल्यास ती यामुळे अयशस्वी होते. ही व्यवस्था बंद करण्याचा पर्याय उपलब्ध आहे. पण तसे केल्यास त्या संगणकाचा ताबा मिळवणाऱ्या कोणालाही संपूर्ण साठवणुकीवर अधिकार मिळतो. त्याऐवजी त्या कामासाठी स्वतंत्र खाते ठेवून त्याला आवश्यक तेवढीच परवानगी देणे सुरक्षित असते.

### सोळा गटांची मर्यादा

पारंपरिक सुरक्षा पद्धतीत प्रत्येक विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ पूरक गटांचे अंक पाठवता येतात. त्याहून अधिक गटांत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उरलेले गट सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. परिणामी ती व्यक्ती गटाची सदस्य असल्याचे तिच्या संगणकावर स्पष्ट दिसते, तरीही प्रवेश नाकारला जातो. मोठ्या संस्थांत अनेक प्रकल्पांत काम करणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तींना हा दोष जाणवतो आणि नव्यांना जाणवत नाही. लिनक्स सर्व्हरवर गटांची यादी सर्व्हरनेच स्वतः शोधावी असा पर्याय देता येतो. केर्बेरॉस पद्धतीतही ही मर्यादा राहत नाही.

### नावांचे रूपांतर

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मालकाचे नाव ‘वापरकर्ता व डोमेन’ अशा मजकुराच्या रूपाने पाठवण्याची तरतूद आहे. सर्व्हर व वापरकर्त्याचा संगणक यांवर डोमेनचे नाव वेगळे नोंदलेले असेल, तर सर्व फाइलींचा मालक नोबडी असा दिसू लागतो. मात्र पारंपरिक सुरक्षा पद्धत वापरात असल्यास प्रवेशाचा निर्णय या अवस्थेतही अंकांवरूनच होतो. त्यामुळे नावे चुकीची दिसत असूनही फाइली उघडतात. मालक बदलण्याचा प्रयत्न मात्र फसतो. दिसणारे नाव आणि प्रत्यक्ष अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

### निर्यात व जोडणीचे पर्याय

सर्व्हरवरील निर्यातीच्या यादीत कोणत्या संगणकाला कोणते फोल्डर कोणत्या अटींवर द्यायचे हे लिहिलेले असते. लिनक्समध्ये या यादीत संगणकाचे नाव आणि पर्यायांचा कंस यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायची नसते. ती चुकून राहिल्यास कंसातील पर्याय नाव लिहिलेल्या संगणकाऐवजी इतर सर्व संगणकांना लागू होतात, आणि नाव लिहिलेल्या संगणकाला केवळ वाचनाची मुभा उरते. म्हणजे एका अक्षराच्या अंतराने हव्या त्या संगणकाचे लेखन बंद होते आणि नको त्यांचे सुरू होते.

फोल्डर केवळ वाचनासाठी निर्यात केले असेल किंवा जोडले असेल, तर फाइलवर कितीही परवानगी दिली तरी लेखन होत नाही. अशा वेळी सामान्यतः ‘परवानगी नाकारली’ याऐवजी ‘फाइल प्रणाली केवळ वाचनीय आहे’ असा संदेश येतो. म्हणून संदेशाचे नेमके शब्द नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते.

### केर्बेरॉस

अंकांवर विश्वास ठेवण्यातील धोका टाळण्यासाठी केर्बेरॉस ही प्रमाणीकरण पद्धत वापरतात. तिच्यात वापरकर्त्याला ठरावीक मुदतीचे तिकीट मिळते. संगणकांच्या घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक फरक पडल्यास तिकीट स्वीकारले जात नाही. तिकिटाची मुदत संपल्यावरही प्रवेश नाकारला जातो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये ही मुदत मूळ मांडणीत १० तासांची असते. संध्याकाळी सुरू केलेली दीर्घ प्रक्रिया पहाटे परवानगीच्या कारणाने थांबलेली आढळल्यास मुदतीची शक्यता आधी पाहतात.

## एसएमबीमधील अडचणी

### दोन दरवाजे

विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डरला दोन स्वतंत्र परवानग्या असतात : एक सामायिकतेची व दुसरी एनटीएफएस फाइल प्रणालीची. नेटवर्कवरून येणाऱ्या व्यक्तीला या दोन्ही दरवाजांतून जावे लागते आणि दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच लागू होते. सर्व्हरसमोर बसून काम करणाऱ्याला मात्र केवळ दुसरीच लागू होते. त्यामुळे सर्व्हरवर चाचणी यशस्वी होते आणि वापरकर्त्याच्या टेबलावर अयशस्वी होते. व्यवस्थापनाच्या सोयीसाठी सामायिकतेची परवानगी सैल ठेवून खरे नियंत्रण एनटीएफएसकडे देण्याची पद्धत प्रचलित आहे.

### नकार, वारसा व स्थलांतर

एनटीएफएसच्या यादीत स्पष्ट नकार हा स्पष्ट होकारापेक्षा प्रबळ असतो. परंतु फाइलवर थेट दिलेला होकार हा वरून वारशाने आलेल्या नकारापेक्षा प्रबळ ठरतो. नकाराच्या नोंदी विपुल वापरल्यास एकूण परिणाम समजणे अवघड होते, म्हणून त्या शक्यतो टाळल्या जातात.

फाइलची प्रत केल्यास तिला नव्या फोल्डरची परवानगी वारशाने मिळते. त्याच खंडात फाइल हलवल्यास मात्र ती सामान्यतः आपली जुनी परवानगी सोबत घेऊन जाते. एका विभागाच्या फोल्डरमधून दुसऱ्या विभागात हलवलेल्या फाइली नव्या विभागाला उघडत नाहीत व जुन्या विभागाला मात्र उघडतात, याचे कारण हेच. वरच्या फोल्डरची परवानगी पुन्हा वारशाने लावल्यास हा दोष दूर होतो.

### गटाचे सदस्यत्व व जुने प्रवेशचिन्ह

विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या गटांची यादी तो प्रवेश करतो त्या क्षणी त्याच्या प्रवेशचिन्हात नोंदवली जाते. त्यानंतर त्याला नव्या गटात घातले, तरी तो बाहेर पडून पुन्हा प्रवेश करेपर्यंत त्याचा परिणाम दिसत नाही. लिनक्समध्येही चालू सत्राला नवे सदस्यत्व मिळत नाही. उलट दिशेने पाहता, एखाद्याला गटातून काढल्यानंतरही त्याच्या चालू सत्राचा प्रवेश काही काळ टिकून राहू शकतो. नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही बाब विसरून चालत नाही.

### वेगळ्याच ओळखीने जोडणी

विंडोज संगणक एका वेळी एका सर्व्हरशी एकाच वापरकर्त्याच्या नावाने जोडलेला राहतो. जुन्या नावाने जोडणी चालू असताना नव्या नावाने प्रयत्न केल्यास तो १२१९ या क्रमांकाच्या दोषाने फसतो. जतन केलेला जुना पासवर्ड किंवा पाहुणे खाते यांमुळेही व्यक्ती आपल्या कल्पनेपेक्षा वेगळ्याच ओळखीने आत शिरलेली असू शकते. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून एंटरप्राइझ व एज्युकेशन प्रकारांत असुरक्षित पाहुणा प्रवेश पूर्वनियोजितपणे बंद करण्यात आला. त्यामुळे जुन्या साठवणूक यंत्रांवरील खुले फोल्डर अद्ययावतीकरणानंतर अचानक उघडेनासे झाले. तसेच स्थानिक प्रणाली खात्याखाली चालणारी सेवा नेटवर्कवर संगणकाच्या खात्याने वावरते, वापरकर्त्याच्या खात्याने नाही.

### सांबा

सांबा सर्व्हर प्रथम आपल्या मांडणीतील नियम पाहतो आणि नंतर संबंधित युनिक्स खात्याच्या वतीने फाइल उघडतो. म्हणजे येथेही दोन दरवाजे असतात. सामायिक फोल्डर सांबात मूळतः केवळ वाचनीय असतो. नव्या फाइलसाठी परवानगीची कमाल मर्यादा मूळ मांडणीत ०७४४ असल्याने गटाचा लेखनाधिकार गळून पडतो. एका विभागातील सर्वांना परस्परांच्या फाइली बदलता याव्यात यासाठी ही मर्यादा ०६६० व फोल्डरांसाठी २७७० करतात आणि फाइलींना ठरावीक गट सक्तीने लावतात.

मायक्रोसॉफ्ट वर्डसारखी उपयोजने फाइल जतन करताना तीच फाइल बदलत नाहीत. नवी तात्पुरती फाइल लिहून तिला जुने नाव देतात. त्यामुळे फाइलवर लेखनाची परवानगी असली तरी फोल्डरवर नाव निर्माण करण्याची व काढण्याची परवानगी नसल्यास जतन करणे अयशस्वी होते. शिवाय जतन केल्यानंतर फाइलचा मालक बदललेला दिसू शकतो.

## दोषशोधनाची पद्धत

अनुभवी व्यवस्थापक परवानगी बदलण्यापूर्वी दोषाची व्याप्ती निश्चित करतात. यासाठी सामान्यतः पुढील क्रम अवलंबला जातो.

1. प्रश्न नेमका करणे : कोणती व्यक्ती, कोणत्या संगणकावरून, कोणत्या फाइलवर, कोणती क्रिया करत होती आणि संदेशाचे शब्द काय होते हे नोंदवले जाते. दोष एका व्यक्तीपुरता, एका संगणकापुरता की एका फोल्डरपुरता आहे, हे एक एक घटक बदलून पाहिल्यास पुष्कळ शक्यता गळून पडतात.
2. ओळख पडताळणे : लिनक्समध्ये ‘आयडी’ आणि विंडोजमध्ये ‘हूॲमआय’ या आज्ञांनी खाते व गट कळतात. परंतु सर्व्हर त्या व्यक्तीला कोण समजतो हे अधिक महत्त्वाचे असते. त्यासाठी लेखन चालणाऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये रिकामी फाइल निर्माण करून सर्व्हरवर तिचा मालक अंकरूपात पाहतात.
3. जोडणी पाहणे : फोल्डर केवळ वाचनीय तर जोडलेला नाही, प्रोटोकॉलची कोणती आवृत्ती व कोणती सुरक्षा पद्धत वापरात आहे, हे तपासतात.
4. मार्ग चालणे : मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरची परवानगी पाहतात. लिनक्समधील ‘नेमआय’ ही आज्ञा ही सर्व माहिती एकत्र दाखवते.
5. फाइल व यादी पाहणे : मालक, गट, नऊ खुणा, प्रवेश नियंत्रण यादी व तिचा मास्क पाहतात. विंडोजमध्ये प्रगत सुरक्षा खिडकीतील ‘परिणामकारक प्रवेश’ या भागात विशिष्ट व्यक्तीचा निव्वळ अधिकार दिसतो.
6. सर्व्हरवर चाचणी : त्याच खात्याने थेट सर्व्हरवर तीच क्रिया करून पाहतात. तेथेही ती नाकारली गेल्यास दोष फाइल प्रणालीत असतो. यशस्वी झाल्यास निर्यात, सामायिकता वा ओळखीच्या रूपांतरात असतो.
7. अतिरिक्त सुरक्षा स्तर : एसईलिनक्ससारखी व्यवस्था परवानगी योग्य असतानाही प्रवेश नाकारू शकते. तिच्या नकाराची नोंद लेखापरीक्षण नोंदवहीत होते. फोल्डरला योग्य सुरक्षा खूण लावणे हा तिचा उपाय असून संपूर्ण व्यवस्था बंद करणे हा नव्हे.

प्रत्येक टप्प्यावर एका वेळी एकच बदल केला जातो व त्याची नोंद ठेवली जाते. अनेक बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही, आणि अनावश्यक बदल तसेच मागे राहतात.

### लक्षणे व संभाव्य कारणे

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| फाइली उघडतात, पण मालक नोबडी दिसतो | चौथ्या आवृत्तीतील डोमेनच्या नावाची विसंगती |
| मालक नावाऐवजी अंकाने दिसतो | त्या अंकाचे खाते स्थानिक संगणकावर नाही |
| रूटला नकार, सामान्य वापरकर्त्याला प्रवेश | रूट स्क्वॉश |
| सर्व्हरवर चालते, नेटवर्कवरून नाही | सामायिकतेची वा निर्यातीची परवानगी |
| गटात नुकतेच घातले, तरी नकार | जुने सत्र. पुन्हा प्रवेश आवश्यक |
| अनेक गटांत असलेल्यालाच नकार | सोळा गटांची मर्यादा |
| जुन्या फाइली बदलता येतात, सहकाऱ्यांच्या नव्या नाही | यूमास्क, सेटजीआयडी वा सांबाची मर्यादा |
| काही तासांनी प्रवेश बंद पडतो | केर्बेरॉस तिकिटाची मुदत |

## परवानगीसारखे भासणारे इतर दोष

काही दोषांचे मूळ परवानगीत नसते. एनएफएस वापरणारा संगणक फाइलींची माहिती काही काळ स्वतःकडे साठवून ठेवतो. लिनक्सवर ही मुदत मूळ मांडणीत फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरांसाठी ३० ते ६० सेकंद असते. सर्व्हरवर परवानगी दुरुस्त केल्यानंतर लगेच चाचणी घेतल्यास जुनीच माहिती दिसण्याची शक्यता असते. सर्व्हरवरील फोल्डर काढून पुन्हा निर्माण केल्यास ‘शिळा फाइल निर्देश’ असा संदेश येतो. त्यावर पुन्हा जोडणी हा उपाय असतो. विंडोजमध्ये दुसऱ्या व्यक्तीने उघडलेली फाइल बदलता येत नाही, तिचे कारण कुलूप हे असते, अधिकार नव्हे. साठवणुकीचा ठरवून दिलेला कोटा संपल्यासही लेखन थांबते.

देवनागरी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळा दोष संभवतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली अशी नावे विभक्त स्वरूपात साठवत असे, तर लिनक्स नावातील संकेत जसेच्या तसे ठेवते. त्यामुळे ‘दऱ्या’ या नावाची फाइल यादीत दिसते, पण दुसऱ्या संगणकावर टंकलिखित केलेल्या त्याच नावाने सापडत नाही. अशा वेळी परवानगी तपासण्यात वेळ न घालवता नावाचे संकेत पाहावे लागतात.

## सर्वांना मुक्त परवानगी देण्याचे धोके

परवानगीचा दोष आढळताच संपूर्ण फोल्डरला ७७७ परवानगी देणे, किंवा विंडोजमध्ये ‘एव्हरीवन’ या गटाला पूर्ण नियंत्रण देणे, हा सर्वत्र आढळणारा तात्कालिक उपाय आहे. त्याने काम बहुधा सुरू होते, आणि म्हणूनच तो धोकादायक असतो. वेतनपत्रके, रुग्णांची माहिती वा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका यांसारख्या गोष्टी त्यामुळे नेटवर्कवरील कोणालाही वाचता व बदलता येतात. खंडणीखोर आज्ञावली ज्या व्यक्तीच्या संगणकात शिरते त्या व्यक्तीला जेथे लेखनाचा अधिकार असतो, तेथील सर्व फाइली ती कूटबद्ध करते. सर्वांना सर्वत्र लेखनाधिकार असल्यास एका संगणकातील संसर्गाने संपूर्ण साठवणूक निकामी होऊ शकते.

हा बदल पूर्ववत करणेही कठीण असते. प्रत्येक फाइलची आधीची परवानगी कोठेही नोंदलेली नसल्यास ती संरक्षक प्रतीवरूनच मिळवावी लागते. शिवाय काही सेवा सैल परवानगी असलेल्या फाइली जाणूनबुजून नाकारतात : एसएसएच ही दूरस्थ प्रवेशाची सेवा इतरांना वाचता येणारी खाजगी किल्ली वापरत नाही. त्यामुळे परवानगी वाढवल्यावर नवाच दोष उद्भवतो. मुळात ओळखीची विसंगती, केवळ वाचनीय जोडणी वा एसईलिनक्स हे कारण असल्यास सर्वमुक्त परवानगीने मूळ दोष दूर होईलच असेही नाही.

## प्रतिबंधक उपाय

परवानगी व्यक्तींना न देता गटांना देणे हा सर्वमान्य संकेत आहे. व्यक्ती येतात व जातात. गट टिकून राहतो आणि फाइलींवरील नोंदी बदलाव्या लागत नाहीत. खात्यांचे अंक मध्यवर्ती निर्देशिकेतून देणे, सोडून गेलेल्या व्यक्तीचा अंक पुन्हा न वापरणे, सर्व संगणकांची घड्याळे जुळवलेली ठेवणे आणि फोल्डरांची रचना उथळ ठेवून परवानगीत बदल केवळ वरच्या एक-दोन पातळ्यांवर करणे, यांमुळे बहुतेक दोष उद्भवतच नाहीत. एकच फोल्डर एनएफएस व एसएमबी या दोन्ही मार्गांनी देणे आवश्यक असल्यास परवानगीचे नियंत्रण कोणत्या एका पद्धतीने करायचे हे आधी ठरवतात व दुसऱ्या बाजूने ती बदलण्यास मनाई करतात. मोठा बदल करण्यापूर्वी विद्यमान परवानग्यांची यादी फाइलीत उतरवून ठेवण्याची सोय लिनक्स व विंडोज या दोन्ही प्रणालींत असून, बदल चुकल्यास त्या यादीवरून पूर्वस्थिती आणता येते.

## हेही पहा

- युनिक्स
- नेटवर्क फाइल सिस्टीम
- सांबा
- केर्बेरॉस
- प्रवेश नियंत्रण यादी
- संगणक सुरक्षा